भरपाई नव्हे, पुढच्या पेरणीचे पैसे

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात महापूर आला, त्यानंतर एक मजकूर मोबाइलवर फिरतो आहे: ‘सरकारने शेतकऱ्यांना ३१,६२८ कोटी वाटले. बागवाल्यांना आता पिकापेक्षा भरपाईच परवडते. विमा मिळतोच, वर ही मदत. आणि पंचनामे तर घरी बसून होतात.’ माझ्या नातेवाइकांनीही तो पुढे ढकलला, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आकडा. ३१,६२८ कोटी हे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेलं एकूण पॅकेज. त्यात रस्ते-पुलांची दुरुस्ती, पडलेली घरं, दगावलेली जनावरं, गाळाने बुजलेल्या विहिरी असं सगळं धरलेलं आहे. ती सगळी रक्कम काही शेतकऱ्याच्या खात्यात पडत नाही.

‘परवडते’ या शब्दाचा मला खरा राग येतो. २०२५मध्ये केंद्राच्या निकषांप्रमाणे मदत होती ती हेक्टरी: कोरडवाहूला ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळपिकांना २२,५००. तीही नुकसान किमान ३३ टक्के असेल तरच. पॅकेजमध्ये रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वाढवले, म्हणजे फळबागेला जास्तीत जास्त ३२,५००, आणि मर्यादा ३ हेक्टरची. आता संत्र्याचा हिशेब करू. सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरात २७७ झाडं बसतात. म्हणजे झाडामागे ११७ रुपये. कलम लावल्यापासून पहिला बहार हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. तेवढ्या काळातलं शेणखत, फवारणी, उन्हाळ्यात टँकरने घातलेलं पाणी या ११७ रुपयांत कुठे बसवायचं?

मुळात ही भरपाई नाहीच. निकषांत तिचं नाव ‘निविष्ठा अनुदान’ आहे. म्हणजे पुढच्या हंगामाचं बी-खत घेता यावं म्हणून दिलेला हातभार. गळून पडलेल्या फळांचा भाव त्यात कुणी मोजत नाही. ‘भरपाई’ हा शब्द आपण सगळेच सैल वापरतो, गैरसमजाचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

विम्याचं म्हणाल, तर तो शेतकऱ्याने हप्ता भरून घेतलेला असतो. एक रुपयात पीक विमा देणारी योजनाही खरीप २०२५पासून बंद झाली. फळपीक विमा तर हवामानावर आधारलेला. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तरच पैसे मिळतात, तुमच्या बागेत काय झालं ते सहसा विचारात घेतलं जात नाही.

राहिले पंचनामे. खोटे पंचनामे कुठेच होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. जिथे झाले तिथे वसुली आणि कारवाई दोन्ही व्हायला हवी. पण फळबागेत चूक बहुतेक वेळा उलट्या बाजूने होते. सोयाबीन पाण्यात सडलं की दोन दिवसांत कळतं. संत्र्याचं तसं नाही. झाडाभोवतीच्या आळ्यात आठवडाभर पाणी साचलं की तंतुमुळं कुजतात, पण वर पालवी हिरवीच दिसते. तलाठी आणि कृषी सहायक येतात, फोटो काढतात, नोंदीत झाड जिवंत लागतं. महिन्याभराने पानं पिवळी पडतात, बुंध्याची साल तडकून डिंक वाहू लागतो. हा डिंक्या रोग. तोवर पंचनाम्याची मुदत संपलेली असते, यादी तहसीलला गेलेली असते, आणि शेतकरी त्याच हिरव्या नोंदलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवत असतो.