सामींचे रेनडिअर आणि आमची मेंढरं

एका लेखात उत्तर युरोपातल्या, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांबद्दल वाचलं. तिकडं आता हवामान बदलल्यामुळं ऐन हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो, गोठून त्याचा कडक थर होतो आणि रेनडिअरला खालचा दगडफुलासारखा चारा उकरता येत नाही. वाचताना चुलता आठवला. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचे, धनगर.

पावसाळा माणदेशातल्या माळावर काढायचा, दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून चाऱ्याच्या मागं निघायचं. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेणार, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देणार. हे सगळं एका गोष्टीवर उभं होतं: दिवाळीनंतर पाऊस नाही. आता डिसेंबरातही भरवसा नाही. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी आला तेव्हा पुणे-नगर पट्ट्यात उघड्या रानात गारठून शेकडो मेंढरं मेली. चुलत्याची अकरा गेली, त्यातली चार गाभण.

सगळंच हवामानावर ढकलत नाही. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, चांगलंच झालं (आमच्या आयांनी टँकरपुढं कमी रांगा लावल्या नाहीत), पण पडीक माळ डाळिंबाखाली, उसाखाली गेला. चरायचं कुठं?

आणि नुकसानभरपाई? मेंढरं मेली परजिल्ह्यात, रेशनकार्ड इथलं. तिथं म्हणाले, तुमच्या गावी जा. गावी म्हणाले, पंचनामा तिथला आणा. तोवर वाडा (मेंढरांसकट आमचा फिरता तळ) तीन मुक्काम पुढं गेला होता. मेलेली मेंढरं पुरावा म्हणून घोड्यावर लादून न्यायची होती काय?