पोती वाढतील, कस नाही

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतोय. "कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्न. तो वाढला की पीक वाढतं, धान्य सकस होतं. हरितगृहवाले तर पैसे मोजून तो सोडतात. बाकी सगळा बागुलबुवा. आणि माळव्याच्या काळ्या मातीला कसली भीती?"

पीक वाढतं, हे खरं. पाणी-खत पुरेसं असेल तर गहू, सोयाबीन, हरभरा जास्त उतरतात. पण सकस? जादा कार्बनमुळे दाण्यात स्टार्च भरतो. नत्र (ज्यापासून प्रथिनं बनतात), जस्त, लोह त्या मानाने वाढत नाहीत. त्यात हवेत कार्बन मुबलक असला की पानांची रंध्रं कमी उघडतात, झाड पाणी कमी ओढतं आणि पाण्याबरोबर मुळांपाशी येणारी खनिजंही घटतात.

बागुलबुवा म्हणाल, तर हे मोजमाप उघड्या शेतांत झालंय. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत पिकांभोवती नळ्यांचं कडं करून कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण 550 भागांवर ठेवला. आज तो 420 च्या वर आहे. 2014 साली 'नेचर'मध्ये आलेले आकडे असे: गव्हातलं जस्त 9.3, प्रथिनं 6.3 आणि लोह 5.1 टक्क्यांनी कमी. म्हणजे दहा पोळ्यांचं जस्त मिळवायला अकरा खाव्या लागणार. घरातल्या मधुमेही काकांना हा उपाय सांगून बघा!

हरितगृहात टोमॅटो-काकडीला प्रत्येक अन्नद्रव्य मोजून पाजतात. आपल्या शरबती गव्हाचे असे लाड कोण करतंय?

काळ्या मातीचा अभिमान मलाही आहे. पण मध्य प्रदेशातल्या बऱ्याच जमिनींत जस्त मुळातच कमी, आणि चुनखडीच्या काळ्या रानात असलेलंही पिकाला सहज लागत नाही.

उलट बाजूची अतिशयोक्तीही नको. ज्वारी-मक्याला फारसा फटका बसत नाही. ती पिकं पानातच कार्बन डायऑक्साइड एकवटून वापरतात, म्हणून हवेतला वाढला तरी त्यांना फार फरक पडत नाही. सोयाबीनची प्रथिनंही जवळपास टिकतात, घटतात ती खनिजं. घोर आहे तो पोळी-भातावरच पोट भरणाऱ्यांचा: 2018 च्या एका अंदाजानुसार 2050 च्या सुमाराला भारतात जवळपास 5 कोटी लोकांना नव्याने जस्ताची कमतरता भासेल. इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राने लोह आणि जस्त जास्त असलेला 'पूसा तेजस' हा गव्हाचा वाण काढलाय. संदेशात त्याचं नावसुद्धा नाही.