‘कुठलाही रोल, एकच डेव्हलपर, एक तास’ म्हणे!

‘कृष्णधवल फिल्म घरी धुण्याचं गुपित, जे लॅबवाले कधीच सांगणार नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. प्रत्येक मुद्द्यापुढे आगीचं चित्र, शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा ग्रुपवर पाठवा’. माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा हसून सोडून दिला. परवा तोच मेसेज नाशिकच्याच इंदिरानगरातल्या भाचीनं पाठवला. तिला आजोबांचा पेंटॅक्स के-१००० कॅमेरा मिळालाय, एचपी५ या कृष्णधवल फिल्मचा रोल तिनं मुंबईहून कुरिअरनं मागवलाय, आणि मेसेजखाली प्रश्न : ‘मामा, मग थर्मामीटर नको ना आणायला?’ आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ट्राय-एक्स ही फिल्म आणि रोडिनल हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, हीच एक खरी जोडी, बाकी सगळं दुय्यम. रोडिनल १+१०० करून, म्हणजे एका भागाला शंभर भाग पाणी घालून, फिल्म धुण्याच्या टाकीत ओता आणि तासभर विसरून जा. फिल्म कुठलीही असो, आयएसओ, म्हणजे फिल्मचा वेग, कितीही असो, पाणी कसंही असो. अंधारात फोटो काढायचे तर रोल पुश करा, सावलीतलं सगळं उमटतं. पैसे वाचवायचे तर कॉफी आणि खायचा सोडा. दादासाहेब फाळक्यांनी लाल दिव्यात फिल्म धुतल्या, तुम्हीही लाल दिवा लावा. आणि वापरलेला हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, तुळशीला घाला, खत होतं.

जोडीचा मुद्दा आधी. रोडिनल १८९१ सालचं, आग्फाचं. ३५ मिमीमधली ट्राय-एक्स आली १९५४ साली. तेव्हा ‘एकमेकांसाठीच बनलेत’ हे मेसेजमधलं वाक्य निव्वळ भावनेचं आहे. जोडी छान दिसते, हे मात्र मान्य. डी-७६ या नेहमीच्या डेव्हलपरच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, ते चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवतं आणि ग्रेन मऊ दिसतो. रोडिनल इतकं पातळ करून वापरतात की त्यात सल्फाइट नावालाच उरतं. ग्रेन जसाच्या तसा, कडक, आणि त्यामुळे फोटो धारदार वाटतो. गोदाकाठच्या एखाद्या म्हाताऱ्या चेहऱ्याला ते शोभतं. पण त्याच रोलवरचं लग्नाचं चित्र ए-फोर आकारात काढा, नवरीच्या गालावर रवा सांडलेला दिसेल. शिवाय रोडिनलमध्ये सावलीतला तपशील थोडा कमी येतो, म्हणून ४००ची फिल्म बरेच जण २०० किंवा २५० धरून काढतात, म्हणजे तिला जास्त प्रकाश देतात. एफपी४ किंवा फोमापॅन १०० सारख्या मंद फिल्मशी, किंवा १२० आकाराच्या रोलच्या मोठ्या निगेटिव्हवर, रोडिनलचं जास्त जमतं. प्रिंट केवढा करायचाय आणि ग्रेन दिसायला हवा की नको, यावर जोडी ठरते. मेसेजमध्ये यातला एकही प्रश्न विचारलेला नाही.

आता तो तासाभराचा मंत्र. माझा खरा राग इथे आहे.

याला स्टँड डेव्हलपमेंट म्हणतात आणि ती थाप नाही. डेव्हलपर अगदी पातळ करायचा, सुरुवातीला टाकी हलवायची आणि मग हात लावायचा नाही. जिथे भरपूर प्रकाश पडलाय तिथला डेव्हलपर लवकर दमतो, सावलीत काम चालू राहतं, त्यामुळे जास्त प्रकाशाचे भाग आटोक्यात राहतात. कपाटात सापडलेला जुना रोल, डब्यावर काही लिहिलेलं नाही, तर मीही हाच मार्ग धरीन. पण तो अडल्या वेळचा मार्ग आहे. टाकी हलवली नाही की विकासात, म्हणजे डेव्हलपर काम करत असताना, तयार होणारं ब्रोमाइड जागच्या जागी खाली उतरतं आणि वाटेतला विकास मंदावतो. एका ओळखीच्या मुलाची रामकुंडावरची निगेटिव्ह मी खिडकीशी धरून बघितली. सकाळचं मोकळं आकाश, आणि फिल्मच्या कडेच्या प्रत्येक भोकासमोर एक पट्टा उतरलेला. अख्खा रोल तसा. तो पट्टा स्कॅनमध्ये पुसला जात नाही, प्रिंटमध्येही नाही. त्यानं कॅमेऱ्याला दोष दिला होता.

मेसेजवाल्यानं साधी मोजणीही केलेली नाही. पॅटरसनच्या टाकीत ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली द्रावण लागतं. त्याचं १+१०० केलं तर मूळ रोडिनल जेमतेम ३ मिली. नियमित वापरणारी माणसं रोलमागे निदान ५ मिली धरतात. म्हणजे एक तर मोठ्या टाकीत एकच रोल घालून भरपूर द्रावण घ्या, नाहीतर तासाभरानं अर्धवट धुतलेली फिल्म बघा.

आणि ‘पाणी कसंही असो’? हे नाशिकमध्ये बसून लिहिलं असेल तर कमाल आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्यात हात धरवत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरला की पहाटे त्याच नळाचं पाणी बोटं बधिर करतं. दोन्ही ऋतूंत ‘एक तास’ हाच आकडा कसा चालेल? विकास हा रासायनिक व्यवहार आहे, गरम पाण्यात तो पळतो. शिवाय पाणी तिशीच्या पुढे गेलं की फिल्मवर धुकं, म्हणजे प्रकाश न पडताही येणारा करडेपणा, चढतं आणि जिलेटिन इतकं मऊ पडतं की रीलवरून, म्हणजे फिल्म गुंडाळलेल्या चकतीवरून, काढताना नख लागलं तरी ओरखडा.

इथे माझं ऐकू नका, एचपी५ बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीचं ऐका. एचपी५ प्लसचं त्यांचं माहितीपत्रक संकेतस्थळावर फुकट आहे, भाचीनं मेसेजऐवजी ते उघडलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता. त्यातलं उदाहरण असं : २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ अंशांना ३ मिनिटं, आणि १६ अंशांना ६ मिनिटं. सात अंशांच्या फरकात वेळ दुप्पट. याच पत्रकात एचपी५ प्लसला इलफर्डच्याच आयडी-११ डेव्हलपरमध्ये, म्हणजे जवळजवळ डी-७६ मध्येच, पातळ न करता २० अंशांना साडेसात मिनिटं दिली आहेत. १+१ पातळ केलं तर १३ मिनिटं. आता नाशिकचा उन्हाळा घ्या. बर्फ घालूनही पाणी २३च्या खाली जात नाही असं समजा. साडेसातचे साधारण साडेपाच होतात. पाच मिनिटांच्या खाली गेलं की ओतायला-काढायला लागणारे सेकंदही जाणवायला लागतात आणि फिल्म एकसारखी धुतली जात नाही, म्हणजे आपण काठावर आलो. १+१ला मात्र तेराचे पावणेदहा होतात, हातात वेळ राहतो. म्हणून इथे उन्हाळ्यात मी डी-७६ किंवा आयडी-११ पातळ करूनच वापरा म्हणतो. ग्रेन किंचित वाढतो, धारही किंचित वाढते, आणि चुकायला जागा उरते. जोडी अशी निवडतात. गावचं पाणी बघून.

तेव्हा थर्मामीटर आण गं बाई. बादलीत माठाचं पाणी घे, पिशवीत बांधलेला बर्फ त्यात सोड, डेव्हलपर, हायपो आणि धुवायचं पाणी तिन्ही बाटल्या त्यातच उभ्या कर. तिन्हींच्या तापमानात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

पुश करण्याबद्दल. पुश म्हणजे फिल्मला कमी प्रकाश द्यायचा आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचं. फिल्मचा खरा वेग आयएसओच्या व्याख्येत सावलीच्या टोकाला मोजतात : निव्वळ फिल्मच्या धुक्यापेक्षा ०.१० इतका काळेपणा जिथे येतो तो बिंदू. जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे डेव्हलपर काय उगाळणार? जास्त वेळ ठेवल्यानं मधले आणि उजळ भाग चढतात, काँट्रास्ट वाढतो, सावली आहे तिथेच राहते. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या विहारात उभं राहून बघा : ओसरीत ऊन, आत काळोख. तिथे ४००ची फिल्म १६०० धरून पुश केली तर ओसरी पांढरीफटक होईल आणि आतल्या खोल्या काळ्याच राहतील. तिथे उलट वागायचं, सावलीला पुरेल एवढा प्रकाश द्यायचा आणि विकास थोडा कमी करायचा. सपाट प्रकाशात, पावसाळी संध्याकाळी किंवा सभागृहातल्या कार्यक्रमात पुश जरूर करा, फोटो मिळतो. तेव्हा डेव्हलपर मायक्रोफेनसारखा घ्या, तो सावलीत थोडी का होईना भर घालतो. रोडिनल यासाठी सगळ्यात वाईट निवड, आणि मेसेज नेमकं तेच सुचवतो.

कॉफी? चालते. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या वर्गात हा प्रयोग झाला, आणि काम कॅफीन नाही तर कॉफीतलं कॅफेइक आम्ल करतं. पण त्याला धुण्याचा सोडा लागतो. खायच्या सोड्याचा अल्कधर्मीपणा पुरत नाही, निगेटिव्ह कोरी निघेल. मेसेज लिहिणाऱ्यानं हे कधी करून बघितलेलं नाही, याचा हा पुरावा. वर आपल्याकडच्या बऱ्याच झटपट कॉफीत चिकोरी असते, प्रमाण डब्यागणिक वेगळं, त्यामुळे एकदा जमलेलं पुन्हा जमेल याची खात्री नाही. रविवारी गंमत म्हणून करा. आजीच्या पंचाहत्तरीचा रोल त्यात घालू नका.

लाल दिव्याचा मुद्दा वाचून मला घाम फुटला, कारण बाकी चुकांत काहीतरी उरतं, यात काहीच उरत नाही. फाळके त्र्यंबकेश्वरचे, कंपनीही त्यांनी नाशकात चालवली, म्हणून त्यांचं नाव घेतलं की आपल्याकडे कोणी प्रश्न विचारत नाही. सरस्वतीबाई घरात फिल्मला भोकं पाडत, धुवायला मदत करत, हेही खरं. पण त्या काळची नेहमीची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. ट्राय-एक्स, एचपी५, फोमापॅन, केंटमिअर या सगळ्या पॅनक्रोमॅटिक, त्यांना लाल चांगलाच दिसतो. रील भरताना लाल दिवा लावला की रोल संपला. अपवाद इलफर्डची ऑर्थो प्लस, आणि प्रिंट काढायचा कागद. बाकी सगळं ठार काळोखात, मोबाइल खोलीबाहेर, दाराखालच्या फटीला टॉवेल.

राहिला हायपो. इथेही अर्धं सत्य चिकटवलंय : अमोनियम थायोसल्फेट शेतीत खत म्हणून खरंच वापरतात. पण ते कोरं. फिल्म धुतलेल्या हायपोत तिच्यावरची चांदी उतरलेली असते आणि ती मातीतल्या जिवाणूंना आणि पाण्यातल्या जिवांना विष आहे. तुळसही मरू शकते. मोरीत ओतलं तर पुढे कुठे जातं, हे नाशिककरांना सांगायला नको. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठव, वर ‘हायपो’ लिही, लहान मुलांपासून लांब ठेव. एक्स-रेवाल्यांकडचा हायपो चांदीसाठी नेणारे लोक असतात, ते हाही नेतात. कॅन भरला की मला फोन कर, मी येऊन घेऊन जातो.