भिंत पुरेशी नाही

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या आवाजावर ध्वनिरोधक भिंती हा उपाय सांगितला जातो. भिंत चाक आणि रुळाचा आवाज अडवते, हे खरं. पण ताशी ३०० किमीच्या आसपास हवेमुळे होणारा आवाज वरचढ होऊ लागतो. चाकांच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते, हवेच्या आवाजाची सहाव्या घाताने. म्हणजे २०० वरून ३२० वर गेलात की पहिला ६ डेसिबलने वाढतो, दुसरा १२ ने! त्यातला बराचसा पँटोग्राफपाशी, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्यापाशी, तयार होतो. तो छतावर, भिंतीच्या कितीतरी वर.

जपानने १९७५ सालीच शिंकान्सेनसाठी, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनसाठी, निवासी भागात ७० डेसिबलची मर्यादा घातली. म्हणून तिथे मायबारा शहरात कमी आवाजाचा वातबोगदा (जोराचा वारा सोडून चाचणी घेण्याची बंदिस्त जागा) उभारून गाडीच्या प्रतिकृतींवर चाचण्या होतात. रुळालगत अनेक मायक्रोफोनची जाळी लावून आवाज गाडीच्या नेमक्या कुठल्या भागातून येतो तेही शोधतात. एकाच मायक्रोफोनवर हे कळत नाही.

पालघरच्या गावांजवळ आधी अंदाज, मग प्रत्यक्ष मोजणी, आणि दोन्हींचे आकडे मराठीत जाहीर व्हावेत, ही कळकळीची मागणी आहे.