बायपोलर ‘वाढतच जातो’ हे मोजलं कसं?

बायपोलर म्हणजे उन्माद (टोकाचा उत्साह किंवा चिडचिड) आणि नैराश्य यांचे एपिसोड, म्हणजे आजाराचे काळ, येत राहणारा मानसिक आजार. त्याबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यातले दावे असे: रुग्ण घडीत हसतो, घडीत रडतो, खरा त्रास उन्मादाचा, आणि दर एपिसोडनंतर पुढचा आणखी लवकर येतो, म्हणजे माणूस खालावतच जाणार. नुकतंच निदान झालेल्या विशीतल्या मुलीच्या आईने हे वाचलं तर? म्हणून हे लिहिते आहे.

घडीघडीचं आधी. निदानाच्या निकषांत उन्माद साधारण आठवडाभर, नैराश्य किमान दोन आठवडे टिकावं लागतं. विषय संपला.

‘खरा त्रास उन्मादाचा’ हे मात्र आठवडे मोजून तपासलं गेलंय. अमेरिकेत १९७८ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात पहिली पाच वर्षं दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी मुलाखती झाल्या. लक्षात राहणाऱ्या तारखांच्या आधारे मागचा एकेक आठवडा आठवून घ्यायचा, त्याची नोंद करायची. किती चिकाटीचं काम! बायपोलर-१ (पूर्ण उन्माद येणारा प्रकार) असलेल्या १४६ जणांचा सरासरी १२.८ वर्षांचा हिशेब २००२ साली आला. जवळपास ४७ टक्के आठवडे लक्षणांचे होते, त्यातली बरीचशी सौम्य. एकूण आठवड्यांपैकी ३२ टक्के नैराश्याचे, उन्मादाचे जेमतेम ९. उन्माद शेजारपाजाऱ्यांनाही दिसतो, नैराश्य बंद खोलीत राहतं. समज तिथूनच तयार होतो.

आता ‘पुढचा लवकर येतो’. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिननेच दोन एपिसोडमधलं अंतर कमी होत जातं असं नोंदवलं होतं. १९३८ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ इलियट स्लेटरने त्या आकडेवारीतली खोच दाखवली. पहिल्या-दुसऱ्या एपिसोडमधल्या अंतराची सरासरी काढताना दोनच एपिसोड झालेलेही धरले जातात. नवव्या-दहाव्याची काढताना मात्र दहा एपिसोड झालेलेच उरतात, आणि त्यांच्यातली अंतरं मुळातच लहान असतात. म्हणजे एकाही रुग्णाचं अंतर घटलं नाही, तरी सरासरी घटलेली दिसते! काहींच्या बाबतीत आजार खरोखर वेग घेत असेलही. पण ते ठरवायला प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या अंतरांशी करावी लागते.

दवाखान्यातला अनुभवही असाच फसवतो. वारंवार आजारी पडणारे तिथे वारंवार दिसतात. सावरलेले क्वचितच फिरकतात. वरचे १४६ जणसुद्धा विद्यापीठांच्या केंद्रांत उपचारासाठी आलेले होते, त्यामुळे तो ४७ टक्क्यांचा आकडा कुणीही आपल्या मुलीला जसाच्या तसा लावू नये.