पोलीस कोठडीचे दिवस वाढवून मिळालं काय?

पुण्याला फोन केला की हल्ली हा विषय निघतोच. पोलिसांचे हात बांधलेत, लागलं तर घटना बदला पण त्यांना मोकळीक द्या, आणि मग ठरलेलं वाक्य, तुमच्या इंग्लंडात बघ, पोलिसांना पॉवर आहे म्हणून शिस्त आहे. मी लंडनजवळ राहतो आणि इथे बरोबर उलटं आहे.

इथे साध्या गुन्ह्यात पोलीस माणसाला आरोप न ठेवता 24 तास ठेवू शकतात, गंभीर असेल तर वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने 36, आणि कोर्टात जाऊनही 96 तासांच्या पुढे नाही, वर वकील फुकट. दहशतवादाचा संशय असेल तर 14 दिवस. हा आकडा सहज नाही ठरला. 7 जुलै 2005 ला लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि बसमध्ये स्फोट झाले, 52 लोक मेले, सगळे हादरलेले, आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर म्हणाले 90 दिवस द्या. चारच महिन्यांत संसदेने 322 विरुद्ध 291 मतांनी ते फेटाळलं, त्यांच्याच पक्षाचे खासदार विरोधात गेले! तडजोड म्हणून 28 झाले, 2011 मध्ये तेही परत 14 वर आले. इथले पोलीस काही संत नाहीत, दहशतवादाच्या नावाखाली संशय नसतानाही रस्त्यात झडती घ्यायचे, 2010 मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले तेव्हा थांबलं.

लंडननंतर वर्षभरात, 11 जुलै 2006 ला, मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, 180 पेक्षा जास्त माणसं गेली. आपल्याकडे तर 1999 पासून मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, होताच, त्यात 15 ऐवजी 30 दिवस पोलीस कोठडी, शिवाय पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो. आज जी पॉवर मागताय ती होती की हातात. आणि जुलै 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने खालच्या कोर्टात दोषी ठरलेल्या बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं, इतर पुरावे टिकले नाहीत आणि छळ करून घेतलेले कबुलीजबाबही मान्य नाहीत म्हणून. त्यातला एक तर तोपर्यंत तुरुंगातच वारला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे लागेल तो निकाल लागेल, पण ज्यांचं माणूस त्या डब्यात होतं त्यांना 19 वर्षांनी काय सांगायचं? खरे गुन्हेगार हेच की दुसरेच कोणी, एवढंही त्यांना आज खात्रीने कळत नाही, आणि याचा मला प्रचंड राग येतो.

आणि घटनादुरुस्तीच हवी असेल तर एक तयार पडून आहे. आणीबाणीत लोकांना खटल्याशिवाय डांबलं होतं, त्यानंतर 1978 मध्ये संसदेने 44 वी घटनादुरुस्ती केली, त्यात सल्लागार मंडळापुढे, म्हणजे माणसाला डांबणं योग्य आहे का ते तपासणाऱ्या मंडळापुढे, प्रकरण न नेता स्थानबद्ध ठेवायची मुदत 3 महिन्यांवरून 2 वर आणली आणि मंडळावर न्यायाधीश कोण असावेत तेही कडक केलं. ते कलम लागू करायला फक्त केंद्राची अधिसूचना लागते. जनता पक्ष, काँग्रेस, भाजप, सगळ्यांची सरकारं आली, एकानेही काढली नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तर 1981 मध्ये कोर्ट म्हणालं आम्ही सरकारला तसा आदेश देऊ शकत नाही. मग उरतो आपण मतदार, खासदार दारात आले की पोलिसांना अजून काय देणार याआधी ती अधिसूचना कधी निघणार हे विचारा ना.