‘सेठजी, बस नेक्स्ट वीक’

इंदूरमध्ये बिलिंग सॉफ्टवेअरचं काम करतो मी, आमचे बरेच ग्राहक सियागंजचे ठोक व्यापारी आहेत. त्यातल्या एका सुकामेव्यावाल्या सेठजींना आम्ही २०२५ च्या दसऱ्यापर्यंत गोदामाच्या स्टॉकचं मॉड्यूल देतो म्हणून सांगून बसलो होतो. आणि ३ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, २२ तारखेपासून लागू, म्हणजे बरोब्बर घटस्थापनेला. बदाम-पिस्ता १२ वरून ५ टक्क्यांवर. आमची सगळी टीम त्याच कामाला लागली, स्टॉकचं काम जिथल्या तिथे थांबलं, आणि दसऱ्याला काही होत नाही हे घट बसायच्या आधीच ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. फक्त सेठजींना माहीत नव्हतं. त्यांना दर सोमवारी फोनवर तेच, सेठजी, बस नेक्स्ट वीक.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी मी स्वतः दुकानावर गेलो. मुनीमजी पोती मोजून आधी लाल वहीत लिहीत होते आणि मग तीच एंट्री एक्सेलमध्ये, एका बोटाने, कारण आमच्या भरवशावर जुनं सॉफ्टवेअर त्यांनी रिन्यूच केलं नव्हतं. ऐन सीझनमध्ये. सेठजी ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, “भिया, नवरात्रि में ही मना कर देते तो मैं पुराना वाला चला लेता.”

हे मला फार लागलं. अहो, उशीर का झाला ते त्यांना लगेच पटलं असतं, जीएसटीचा गोंधळ त्यांच्या स्वतःच्या गल्ल्यावर चालू होता! आपण सांगितलेल्या तारखेवर समोरचा माणूस पैसे लावतो, माणसं लावतो, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

उशीर होतोच हो आपल्या कामात. जुना डेटा उघडला की एकाच बदामाची तीन नावं निघतात आणि आठवडा तिथेच जातो. उबुंटू नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं बघा, त्यांच्या व्हर्जनच्या नंबरातच वर्ष आणि महिना असतो, म्हणजे उशीर झाला तर लपवायला जागाच नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये यायची ती आवृत्ती, त्यांनी महिनाभर आधीच उघडपणे सांगितलं की सहा आठवडे जास्त लागतील, आणि जूनमध्ये ती ६.०६ म्हणून आली. लोक थांबले की!

सेल्सवाले म्हणतात खरं सांगितलं तर ग्राहक पळतो. मला नाही पटत, निदान सियागंजमध्ये तरी नाही, तिथे उधारीचा सगळा व्यवहारच शब्दावर चालतो.

आता मी स्वतः मेसेज करतो. मागच्या मंगळवारी त्याच सेठजींना लिहिलं, गोदामाचं नीट चालू आहे, एक्सपायरीचा अलर्ट मात्र अडकलाय, अजून पंधरा दिवस तरी लागतील, तोवर रजिस्टरवरच ठेवा, शुक्रवारी मी परत फोन करतो. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला आणि मागे मुनीमजींना रजिस्टर काढायला सांगतानाचा आवाज मला ऐकू येत होता.